कमरेचा शेला

मेदेर हॉटेलच्या जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होता. साबीर वरच्या पायरीवर थबकला.

"पहाटेच? असं एकाएकी कसं?... नाही, इथं कुणी तोंड उघडणार नाही. घरी आणून पोचवतो. माती किती वाजता?... दोनला. बरं."

साबीरला अर्थ लावायला वेळ लागला नाही. गोलरक्षक इलगीजचा म्हातारा बाप, कालमुरात, पंधरा दिवस ओशच्या इस्पितळात पडून होता. आज ना उद्या हे व्हायचंच होतं. पण त्याला नेमका आजचाच दिवस मिळावा! तीन शेजारी देशांतल्या क्लबांची स्पर्धा, अंतिम सामना, तोही सरहद्दीपलीकडे यजमानांशी. अकरा वर्षं साबीर प्रशिक्षक म्हणून या करंडकामागे धावला होता आणि दरवेळी हात हलवत परतला होता.

"मला कळलंय, मेदेर," तो खाली उतरत म्हणाला.

संघाचा व्यवस्थापक मेदेर पांढराफटक पडला. "काय कळलं, अगाय?" सगळा संघ साबीरला अगायच म्हणायचा, म्हणजे गुरुजी.

"इलगीजचा बाप गेला ते. माझ्यापासून काय दडवतोस?"

मेदेरने तोंड उघडलं, मिटलं. "हो," तो म्हणाला. "आता तुम्हीच सांगा. लगेच निघालो तर सरहद्दीवरची रांग धरूनही दोनच्या आत पोचू. निदान तोंड तरी दिसेल."

"आणि सामना?"

"सामना काय, पुढच्या वर्षीही असतो."

"पुढच्या वर्षी म्हणे! आणि त्याला एकट्याला धाडलं तर गोलात कोण, तू उभा राहतोस?"

घरचं माणूस गेलं हे त्यांच्याकडे वाटेवरच्या माणसाला कुणी सांगत नाही. त्याला घरी आणतात, जाणती माणसं त्याच्या कमरेला शेला आवळून बांधतात, आणि मगच सांगतात. तोवर वैरीसुद्धा जीभ आवरून धरतो. आज ही रीत साबीरच्या पथ्यावर पडत होती. त्याची त्याला लाज वाटली, पण फार नाही.

"त्याच्या जागी मी असतो तर खेळूनच गेलो असतो," तो म्हणाला. "सामना होऊ दे."

"अगाय, परत एकदा विचार करा."

"केला."

"हे तुमचे शब्द आहेत."

"माझेच. लिहून देऊ का?"

मग त्याने घरी फोन लावला. बायकोचा, सायकालचा, फोन मुलाने, एर्मेकने उचलला.

"आईला दे. कालमुरातकाका गेले म्हणे. तिला म्हणावं, इलगीजच्या घरी जाऊन ये."

एर्मेक म्हणाला, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मेदेरने. आई कुठाय?"

"बायकांमध्ये आहे, बाबा. सगळ्या बायका जमल्यात."

म्हणजे सायकाल आधीच पोचली तर. कुणाकडे काही झालं की बोलावणं यायच्या आत पदर खोचून हजर, अशीच होती ती. साबीरला बरं वाटलं.

इलगीजचा फोन त्याने मागून घेतला. एरवी शेंगदाण्यावरूनही हुज्जत घालणारं ते पोर आज मुकाट्याने देऊन मोकळं झालं. वर साबीरकडे बघून त्याचे डोळे भरून आले. जेवताना त्याने आपल्या ताटातला मटणाचा चांगला तुकडा साबीरच्या ताटात सरकवला. बाकीची पोरंही नजर चुकवत होती. मेदेरने त्यांना सांगितलेलं दिसतंय, साबीरच्या मनात आलं. गुणाची पोरं! इलगीजला कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती.

सामना रडतखडत चालला. मध्यंतराच्या सुमारास इथल्या घड्याळात एक वाजला, म्हणजे घरी दोन. मेदेरने दोन्ही तळवे उचलले आणि तोंडावरून फिरवले. कालमुरातच्या नावाने साबीरनेही फिरवले.

शेवटी पेनल्टींवर आलं, आणि इलगीजने पाचवी अडवली. करंडक त्यांचा झाला. इलगीज सोबत्यांकडे गेला नाही. तो धावत थेट साबीरकडे आला आणि त्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडला. साबीरचं काळीज हललं. बिचाऱ्याला अजून ठाऊक नाही की हे रडू कशाचं आहे, तो मनात म्हणाला.

परतताना बसमध्ये कुणी गायलं नाही. करंडक मागच्या बाकावर बॅगांमध्ये पडून होता. सरहद्द ओलांडली, उन्हं कलली. इलगीजच्या गावचा फाटा आला आणि मागे गेला.

"अरे, फाटा गेला!" साबीर ड्रायव्हरला ओरडला. "झोपलास काय?"

ड्रायव्हरने मान वळवली नाही. मेदेर खिडकीबाहेर बघत होता.

बस साबीरच्याच गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिथे माणसं उभी होती, सगळ्यांच्या टोप्या खाली झुकलेल्या. इथवर आलेत होय न्यायला, असं म्हणत साबीर उठला. इलगीजला सावरायला त्याने त्याचा दंड धरला आणि दोघे मिळून उतरले.

घोळक्यातून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. इस्पितळाने गालफडं बसली होती, पण तो कालमुरातच होता. त्याच्या हातात शेला होता.

साबीरने इलगीजकडे पाहिलं. इलगीजने मान खाली घातली.

कालमुरात मुलापाशी थांबला नाही. त्याने काठी काखेत धरली, साबीरच्या कमरेला शेल्याचा वेढा घातला आणि गाठ आवळली.

"घट्ट राहा, साबीर," तो म्हणाला. "सायकालला दोनला माती दिली. तुझ्यासाठी थांबणार होतो रे आम्ही. पण सामना होऊ दे, असं तूच म्हणालास म्हणे."