नियमाचा दुसरा भाग

बोरगाव मंजू मागे पडल्यावर मायाने पिशवीतून गोलकीपरचे हातमोजे काढले आणि पुढे येऊन श्रावण सरांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवले.

"हे दुसऱ्या कोणाले द्या, सर. मी उद्यापासून नाही येत."

सरांनी वर पाहिले. संघातल्या बाकीच्या मुली एसटीच्या मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. माया अकोल्यापासून एकटीच बसली होती.

"जाऊ द्या तिले, सर," कर्णधार गीतांजली मागून म्हणाली. "राजा हरिश्चंद्राची पोट्टी हाय ते."

कोणी हसले नाही. सगळ्यांचे रडून झाले होते.

अंतिम सामना एका गोलने गेला होता. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेसाठी अमरावतीला जाणार होता. मूर्तिजापूरच्या या शाळेचा संघ तिथवर कधीच पोहोचला नव्हता. अगदी शेवटी चेंडू मायाच्या हातून निसटून गोलरेषेपलीकडे गेला. तिने झडप घालून तो परत ओढला. पंच दूर होते. त्यांनी खेळ चालू ठेवण्याची खूण केली. तेव्हा मायाने हात वर केला.

ही सवय सरांनीच लावलेली. ते विज्ञान शिकवत. खेळाने चारित्र्य घडते, हे विधान त्यांच्या मते अजून सिद्ध व्हायचे होते. चारित्र्य दिसत नाही. वर गेलेला हात दिसतो. म्हणून त्यांच्या सरावात शिट्टी नव्हती. जिची चूक तिने हात वर करायचा. मग सर म्हणत, "ठीक. खेळा." त्यानंतर त्या चुकीबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. नियमाचे असे दोन भाग होते. दुसऱ्यावाचून पहिला टिकणार नाही, हे सरांना ठाऊक होते.

आज पहिला भाग पार पडला. पंचांनी मायाला विचारले आणि गोल दिला. मुलींनी मायाकडे पाहिले, मग सरांकडे. सर पाण्याच्या बाटल्या गोळा करू लागले.

"एक विचारू, सर?" माया दांडा धरून अजून उभीच होती. "साऱ्या म्हणून राहिल्या, बॉल रेषेवरच होता. आता मलेबी तसंच वाटून राहिलं. तुमी तं कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभे होते. तुमाले काय दिसलं?"

तिला एका निरीक्षणाला दुसऱ्या निरीक्षकाचा दुजोरा हवा होता. तो मागायला वर्गात त्यांनीच शिकवले होते.

कोपऱ्यातला झेंडा गोलरेषेच्या टोकाला असतो. तिथून पाहताना चूक होण्यास वाव नाही. चुन्याची रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये मातीची एक पट्टी सरांना स्पष्ट दिसली होती. मायाचा हात वर जाण्याआधीच दिसली होती. पंचांची खूण पाहून त्यांना हायसे वाटले होते, आणि त्यांचे दोन्ही हात खिशात होते.

नीट दिसले नाही, एवढे म्हटले असते तरी भागले असते. ते तपासणे कोणालाही शक्य नव्हते.

सर उभे राहिले. मागच्या बाकांकडे वळले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

मागची कुजबुज थांबली. मुलींना अर्थ सांगावा लागला नाही. कंडक्टरला मात्र तो कळला नाही.

"गुरुजी, इथंच उतरता काय? मूर्तिजापूर लय दूर हाय अजून."

सरांनी हात खाली घेतला नाही. गीतांजली खिडकीबाहेर पाहू लागली. वर केलेला हात असा उत्तरावाचून राहिला की किती जड होतो, हे सरांना प्रथमच कळत होते.

मायाने बाकावरचे हातमोजे उचलले.

"ठीक," ती म्हणाली. "खेळा."