पऱ्हाटी म्हणजे काय?

फसव्या ईमेलांना इंदुताई इतक्या वैतागल्या, की त्यांनी भाच्याला, कपिलला, बसवून मेलच्या दारावर एक प्रश्नच टांगला. अनोळखी पत्त्यावरून मेल आला की आधी त्यालाच उलट सवाल जाणार, ‘पऱ्हाटी म्हणजे काय?’ उत्तर बरोबर आलं तरच मेल आत.

“राळेगावात तीस वर्षं मराठी शिकवली मी. परदेशातल्या चोरायले पऱ्हाटी काय समजते, कप्पाळ!”

पंधरा दिवस एकही फसवा मेल आला नाही, आणि इंदुताई गल्लीभर मिरवत सुटल्या. पुण्याच्या नणंदेनं मात्र ‘पराठ्याचा प्रकार’ असं उत्तर दिलं, त्यामुळे तिच्या नातवाच्या बारशाचं आमंत्रण दाराबाहेरच राहिलं. नणंद अजून बोलत नाही. सोळाव्या दिवशी, नोकरीच्या अर्जात आईचाच मेल दिला होता त्या कंपनीत फोन लावून सुरभी, त्यांची लेक, रडतच पुढ्यात आली.

“आई, माह्या मुलाखतीचं पत्र तुह्याच मेलवर आलतं. ते धाडलं कंपनीच्या मशीननं. मशीनले काय माहीत पऱ्हाटी? काल तारीख गेली ना!”

तेवढ्यात इंदुताईंच्या मोबाइलवर मेल आल्याची घंटी वाजली. सोळा दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या परीक्षेत पास होऊन आत आलं होतं.



“पऱ्हाटी म्हंजे कपाशीचं झाड, ताई. तुमचं बँकेतलं खातं बंद होऊन राह्यलं, लवकर ओटीपी सांगा बरं.”