रोवेनाला न्यायला गाडी आली

ॲम्ब्युलन्स रोवेनाला कामावर न्यायला आली होती. पण हे आळीत तिघांनाच ठाऊक होतं: रोवेनाला, तिच्या सासूला म्हणजे रेजिनामावशीला आणि ड्रायव्हर भूपेशला. भूपेशने सायरन वाजवला, तो वसईतल्या गिरीज गावच्या अरुंद रस्त्यात भाजीचा टेम्पो आडवा आला म्हणून. टेम्पो हलला नाही. आळी मात्र हलली.

शेजारचा वॉल्टर केळींना पाणी घालत होता. तो पाइप तसाच टाकून धावला, खिडकीतून आत डोकावला आणि कुणाशी काही न बोलता स्कूटर काढून चर्चकडे सुटला.

त्याने पाहिलं ते असं: रोवेना पांढऱ्या गणवेशात पलंगावर उताणी, डोळे मिटलेले, हात पोटावर.

रोवेना हॉस्पिटलात नर्स होती. परवा वॉर्डात एका धिप्पाड पेशंटला उचलून बसवताना तिच्या कमरेत कट्कन झालं होतं. त्याच हॉस्पिटलच्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच हॉस्पिटलच्या मेट्रन हेमांगीमॅडमनी आज सकाळी फोन करून ये म्हणून सांगितलं होतं.

"कंबर कुणाची दुखत नाही गं? माझीही दुखते. येतेच ना मी? आज नाही आलीस तर उद्यापासून येऊच नकोस, असं सांगायला लावलंय मला वरून. गाडी पाठवते. बसून काम कर."

नोकरी जायच्या भीतीने रोवेनाने गणवेश कसाबसा चढवला. बूट घालायला वाकली आणि तशीच मागे पडली. त्यानंतर तिला उठता आलं नव्हतं.

आता अंगणात बायका जमल्या होत्या. "पांढरा ड्रेस घातलाय बघ," एक जण हळूच म्हणाली. "पोरीला आपलं मरण आधीच कळलं असणार."

रेजिनामावशी खरं काय ते सांगायला तोंड उघडणार होती. तिने एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा सुनेच्या बुटांकडे. मग बूट पायाने पलंगाखाली सरकवले आणि मेणबत्ती लावली.

"मावशी, मला नुसतं घेऊन यायला सांगितलंय," भूपेश दारातून म्हणाला.

"न्या की. नको कोण म्हणतंय? आधी फादरांना येऊ द्या."

त्याला खुर्ची मिळाली. हातात सुकेळी मिळाली. वसईत आलेल्या माणसाला वाळवलेलं केळं दिल्याशिवाय सोडत नाहीत, मग तो कशासाठी का आलेला असेना.

वॉल्टरच्या स्कूटरवरून फादर फ्रेडरिक उतरले. हेल्मेट काढलं, स्टोल गळ्यात घातला आणि रोवेनाच्या तोंडाशी कान नेला. पापांची कबुली देत असेल म्हणून सगळे सभ्यपणे मागे सरले.

"काय होतंय बाय?"

"कंबर हो, फादर. हे मला ड्युटीवर न्यायला आलेत."

फादरांनी मान वळवून अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. मग सुकेळी खाणाऱ्या भूपेशकडे.

"जाववेल तुला?"

"कुशीवरसुद्धा वळवत नाही."

"मग आजारी आहेस," फादर म्हणाले आणि त्यांनी पवित्र तेलाची डबी उघडली. "हे आजाऱ्यांसाठीच असतं."

त्यांनी तिच्या कपाळाला तेल लावलं, दोन्ही तळहातांना लावलं. बाहेर प्रार्थना सुरू झाली. भूपेशला ती येत नव्हती. तो अर्धी सुकेळी हातात धरून उभा राहिला.

'आमेन' होतंय न होतंय तोच उशाजवळचा फोन वाजला. हेमांगीमॅडमचा होता. रेजिनामावशीला कमी ऐकू यायचं, म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवरच घ्यायची.

"रोवेना, घातलं का तुला गाडीत? सगळे वाट बघतायत इथे!"

"बघा," वॉल्टर गहिवरून म्हणाला, "आपल्या माणसाची किती काळजी!"

"मी तिची सासू बोलते. तिला जमायचं नाही."

"अहो आजी, सगळ्या असंच म्हणतात. मी वर काय सांगू?"

"फादरांनी तेल लावलं म्हणून सांगा."

"कसलं तेल?"

"आजाऱ्याचं. आमच्यात एकदा का हे तेल लागलं, की माणसाला कामावर पाठवत नाहीत."

असा नियम चर्चमध्ये नाही. वॉल्टरच्या बापाला हे तेल आजवर तीनदा लागलं होतं आणि तिन्ही वेळा म्हातारा दुसऱ्या दिवशी केळीच्या वाडीत कामाला होता. अंगणातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. फादरांना तर माहीत असणं भागच होतं. ते डबीचं झाकण रुमालाने पुसत राहिले. बराच वेळ पुसलं.

फोनमध्ये वॉर्डाचा आवाज येत होता. कुणीतरी "मॅडम, मॅडम" करून हाका मारत होतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि बसता बसता तोंडातून निसटलेलं बारीकसं "आई गं".

रोवेनाने डोळे उघडले.

"आजी," हेमांगीमॅडमचा आवाज एकदम खाली आला होता, "ते फादर... आमच्यातल्या माणसाला लावतात का हो?"

स्पीकरवर होतं, सगळ्यांनीच ऐकलं. सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं.

फादरांनी डबी पुन्हा उघडली आणि किती तेल उरलंय ते तिरकी करून पाहिलं.