आबांच्या पायातली मेंढी

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. म्हस्कूआबांनी आज पहिल्यांदाच डोळे उघडून आपल्या पायाकडं पाहिलं आणि विचारलं, “मेंढी कुठं हाय?”

सुषमानं मान खाली घातली. सासऱ्याला राहू गावाहून दौंडच्या दवाखान्यात आणायचं काम तिच्याकडंच होतं. तिला पाचवा महिना चालू होता, तरी आबा दुसऱ्या कुणाबरोबर यायला तयार नसत.

गुऱ्हाळावर उकळता रस पायावर सांडला, तेव्हापासूनची ही गोष्ट. जखम काही केल्या भरेना. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्यावर एक पातळ, पांढरा तुकडा बसवला. तो मेंढीच्या पोटाच्या अस्तरापासून करतात, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. आबा मूळचे मेंढपाळ. कॅनॉलला पाणी आलं, ऊस आला, तेव्हा त्यांनी सगळा कळप व्यापाऱ्याला विकला होता. मेंढरं टेम्पोत चढत होती तेव्हा ते घरात तोंड लपवून बसले होते. आता त्यातलीच एक माघारी आली, असं त्यांनी मनाशी धरलं.

त्या दिवसापासून पायाची बडदास्त सुरू झाली. पायाला ऊन लागू द्यायचं नाही. रस्त्यानं कुणाचा कळप निघाला की आबा ओट्यावर बसून पाय पुढं करायचे, तिला आपली माणसं दिसावीत म्हणून. आणि घरात मटण बंद.

नेमके तेव्हाच सुषमाला डोहाळे लागले. चिंच नको, आवळा नको. वजडी. मेंढीच्या पोटाची, काळ्या मसाल्यातली, वर तर्री आलेली. तिनं ते सासूच्या कानात सांगितलं. सासूनं, बानूबाईनं, ते आबांना सांगितलं.

“माझ्या पायात मेंढी असताना माझ्या चुलीवर मेंढी चढायची न्हाई,” आबा म्हणाले. “तिला काय वाटंल?”

तिला म्हणजे मेंढीला. सुनेला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. सुषमा स्वप्नात वजडी खायची आणि सकाळी उठून आबांच्या पायाला वारा घालायची.

आणि आता मेंढीच नव्हती. तिच्या जागी गुलाबी, कोवळी कातडी होती.

“कुणी काढली?” आबांचा आवाज चढला. “पट्टी बदलणाऱ्या त्या बाईनं न्हेली का?”

“कुणी नाही नेली, आबा. ती विरली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“विरली म्हंजी?”

“ती मांडवासारखी असते. तुमचं मांस तिच्या आधारानं वर चढतं, वेलासारखं. चढता चढता तुमच्याच अंगातले रस तिला थोडं थोडं तोडतात. ती तशीच राहिली असती, तर मला काळजी वाटली असती.”

“आन् तोडल्यावर कुठं टाकत्यात?”

“टाकत नाहीत हो. पचवतात. तुमच्या शरीरानं ती खाल्ली.”

आबांचा चेहरा पडला. सुषमानं त्यांच्या पायात चप्पल सरकवली, दंडाला धरून उठवलं. तिच्याकडं न बघताच ते म्हणाले, “आन् मला कळलंबी न्हाई.”

बाहेर आल्यावर आबा पायाकडं बघत चालू लागले. सुषमाला धास्ती बसली. आता हा माणूस मेंढीचं सुतक धरणार. दहावा घालणार, कदाचित वर्षश्राद्धसुद्धा. बाळ रांगायला लागेपर्यंत घरात अंडंही फुटायचं नाही.

बाजारात मटणाच्या दुकानासमोर आबा थांबले. खुंटीला वजडी टांगलेली होती. सुषमानं चटकन तोंड फिरवलं आणि सुटलेलं पाणी गिळलं.

“काय देऊ, आबा?” खाटकानं विचारलं.

“वजडी द्या,” आबा म्हणाले. “माझ्या अंगानं कच्चीच खाल्ली. ह्या पोरीनं निदान शिजवून तरी खावी.”