पाचव्या प्रश्नाचं उत्तर

"हात लावू नकोस त्या चावीला!" नेज्मी सर ओरडले. "बाहेर उणे नऊ आहे. तुमच्या कंपनीत थर्मामीटर वाचता येणारं कुणी आहे का?"

गॅस कंपनीच्या तुंजायने चावी फिरवलीसुद्धा होती. घर तापवणारा भिंतीवरचा गॅसचा बॉयलर एकदा खाकरला आणि गप्प झाला. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या जानेवारीत घरातले रेडिएटर गार पडायला अर्धा तास पुरतो. त्यात तुंजायने आल्या आल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या. बाल्कनीच्या दाराशी सरांची बायको मुअल्ला ओव्हरकोट घालून, पांढरीफटक होऊन बसली होती. सकाळी चहा ओतता ओतता ती ओट्याशी कोसळली होती. खालच्या मजल्यावरची गुलसेरेन आवाज ऐकून वर धावली आणि सरांना न विचारता तिने सगळीकडे फोन लावले. सरांच्या मते मुअल्लाला उपाशीपोटी चक्कर आली होती आणि गुलसेरेनला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खाज सुटली होती. स्वतः सरांचंही डोकं पंधरा दिवस ठणकत होतं. त्याचं खापर त्यांनी टीव्हीवरच्या बातम्यांवर फोडलं होतं.

तुंजायने हातातलं यंत्र पुढे केलं. "हा आकडा बघा, सर. खोलीत विषारी वायू भरलाय. आणखी तासभर असंच चाललं असतं, तर काकू उठल्या नसत्या. अँब्युलन्स निघालीय, तुम्ही दोघंही जायचं."

"आकडे तू मला दाखवतोस? चौतीस वर्षं मी या गावाला भौतिकशास्त्र शिकवलंय. गावाने ते घेतलं नाही, तो भाग वेगळा."

हे खरं होतं. गल्लीतला खाटीक, दातांचा डॉक्टर आणि औषधवाला, तिघेही सरांकडे नापास झालेले. त्यामुळे मटण, दात आणि औषधं या तिन्ही बाबतींत सर कुणाचं ऐकत नसत. तुंजाय परगावचा होता. त्याला नापास करायची संधी हुकली, याचं सरांना वाईट वाटत होतं.

"झरोका कुठाय?" तुंजायने विचारलं.

सरांनी छताकडे पाहिलं. तुंजायने बटाट्यांचं पोतं सरकवलं. मागे, जमिनीलगत, बाहेरच्या भिंतीत ताटलीएवढं भोक होतं आणि त्यावर जाळी. बॉयलरला जळायला हवा मिळावी म्हणून असं भोक प्रत्येक घरात ठेवावंच लागतं, आणि त्यातून गार वारं येतं म्हणून ते प्रत्येक घरात बुजवलेलंच असतं. तपासनीस येणार अशी जिन्यात कुजबुज झाली की सगळी बिल्डिंग आपापले बोळे काढते आणि तो कोपऱ्यावर वळला की परत ठोसते. कमरेला वारं लागलं की माणूस कायमचा वाकतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. भौतिकशास्त्र शिकवलं म्हणून सरांना काही कंबर वेगळी मिळालेली नव्हती.

मात्र शेजाऱ्यांसारख्या फाटक्या चादरी सरांनी कोंबल्या नव्हत्या. माळ्यावर त्यांनी विद्यार्थ्यांच्या जुन्या उत्तरपत्रिकांचं एक खोकं जपून ठेवलं होतं. पाहुणे आले की त्यातले मूर्खपणाचे निवडक नमुने ते वाचून दाखवायचे. या हिवाळ्यात त्यांनी तेच खोकं झरोक्यात रिकामं केलं. "गाढवांनी लिहिलेलं निदान वारं तरी अडवेल," असं म्हणून त्या दिवशी ते बराच वेळ हसले होते.

तुंजायने एकेक बोळा ओढून काढला. शेवटचा निघाला तसं गार वारं भसकन आत आलं. एक बोळा घरंगळत मुअल्लाच्या पायाशी गेला. तिने तो उचलला, मांडीवर सपाट केला आणि सावकाश वाचला.

"प्रश्न पाचवा. बंद खोलीत गॅस जळताना हवा कमी पडली तर काय होईल? समीकरणासह स्पष्ट करा."

"माझा आवडता प्रश्न," सर म्हणाले. "दर वर्षी घालायचो. दर वर्षी सगळे आपटायचे."

मुअल्ला पुढे वाचत होती. "उत्तर. भोक बुजवू नये, सर. बुजवलं तर माणसं झोपतात आणि उठत नाहीत. आमच्या आत्याच्या घरी असंच झालं." तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "खाली लाल शाईत तुझं अक्षर आहे. शून्य. गोष्टी सांगू नका. समीकरण कुठाय?"

तुंजायने फॉर्म भरला आणि तो टेबलावर सरांपुढे ठेवला.

"गॅस का बंद केला ते तुम्हाला समजलंय, असं खाली तुमच्या हाताने लिहायचं. त्याशिवाय गॅस परत सुरू होत नाही."

"आण इकडे. तुमच्या साहेबांनाही जरा शिकू दे काहीतरी."

सरांनी ऐटीत समीकरण मांडलं. डावी बाजू उजवीशी जुळेना. खोडलं. पुन्हा मांडलं. आता प्राणवायू उरला. तिसऱ्यांदा पेन कागदावर टेकलं आणि तिथेच अडलं.

"मला कळेल असं लिही, नेज्मी," मुअल्ला म्हणाली. "मरायला मी निघाले होते."

तिने मांडीवरचा चुरगळलेला कागद टेबलावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर साखरेचं भांडं ठेवलं.

सरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तुंजायकडे. खालून अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. मग चौतीस वर्षं वर्गात कुणाला मान वळवू न देणारे नेज्मी सर मान तिरकी करून शून्य मार्कांचं ते उत्तर शब्दन् शब्द उतरवू लागले. आत्यासकट.