दोन बोटं

कारूच्या माळावर टीलमन ज्या कुडू हरणाच्या मागावर तीन हिवाळे होता, तो धाकट्या डेवाल्डने पहिल्याच दिवशी मारला. वर शिंगं मढवायला थोरल्याकडेच आणून टाकली.

"तुझ्या भिंतीवरच्यापेक्षा दोन बोटं लांब आहेत, दादा. मोजून बघ, पण जळू नकोस."

टीलमन नुसतं 'हं' म्हणाला. मुंडकं त्याने आठवडाभर पाण्यात कुजवलं आणि शिंगांच्या पोकळ खोळी पिळून आतल्या हाडावरून उपसल्या. वडील सांगायचे, "जिवंत हाड खोळ सोडत नाही. सुटली की समजायचं, जनावर पुरतं मेलं."

खोळी हातात आल्या आणि त्याला दुर्बुद्धी सुचली. भिंतीवरचा आपला कुडू उतरवून त्याने खोळींची अदलाबदल केली. डेवाल्डला काय कळतंय?

मग समाधानासाठी फीत लावली. डेवाल्डच्या कवटीवरचीच शिंगं अजून दोन बोटं लांब भरली.

आपलीच गफलत झाली असेल, म्हणून त्याने निरखून पाहिलं. कुंपणाच्या तारेने चीर पडलेली त्याची स्वतःची खोळ डेवाल्डच्याच कवटीवर होती. त्याने पुन्हा मोजलं. आता फरक चार बोटांचा होता.

"झालं का, दादा?" अंगणातून डेवाल्डची हाक आली. "मी खिळासुद्धा ठोकून ठेवलाय."

"थांब जरा," टीलमन म्हणाला, आणि आपली खोळ काढून घ्यायला त्याने ती मुठीत धरली.

ती कोमट लागली.

त्याने कवटी गुडघ्यांत दाबली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खोळ पिळली.

खोळ सुटेना.