पहिल्या गिअरात

नवा खेळ चालू करण्याआधी अर्जुननं कंप्युटरला उदबत्ती ओवाळली. तसं काही करायचं नसतं हे त्याला माहीत होतं. तो धारवाडला बी.कॉम. झाला होता. पण मशीन जुनं, खेळ नवा, आणि पाठीमागं बायको कमरेवर हात ठेवून उभी. अशा वेळी शिक्षण जरा बाजूला ठेवलेलं बरं.

कमलची अट साधी होती. रामनगरच्या त्यांच्या हॉटेलात विजेचा धड प्लग एकच, कोपऱ्यातला. तो कंप्युटरनं अडवलेला. इडलीचं पीठ ती रोज पहाटे उठून हातानं रगडायची, आणि पीठ वाटायचा ग्रायंडर बाजारातल्या दुकानात तिची वाट बघत होता. ट्रकवाले जुन्या गाडीच्या खेळाला विटले होते. शर्यत सुरू झाली म्हणेपर्यंत संपायची आणि ते अर्धा चहा टाकून गोव्याच्या वाटेला लागायचे. नवा खेळ चालला तर कंप्युटर राहील, नाही तर उद्या सकाळी त्या जागी ग्रायंडर, असं कमलनं चार गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं होतं.

खेळाच्या डब्यावर पेंटियम पाहिजे म्हणून स्पष्ट छापलं होतं. अर्जुनचं मशीन त्याच्या आधीच्या पिढीतलं, बेळगावचा एक कंप्युटर क्लास बंद पडला तेव्हा उचलून आणलेलं. म्हणून त्यानं सकाळी देवळात जाऊन कौल लावला. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, ह्या लेकराच्या जुन्या पेटीत नवा खेळ चालेल का म्हणून खड्या आवाजात विचारलं, आणि उजवी पाकळी पटकन खाली आली. उजवी म्हणजे होकार. देवीनं एवढ्या तातडीनं कुणाच्या लग्नालाही होकार दिला नव्हता.

पडद्यावर डोंगर उमटला, वळणाचा रस्ता उमटला, लाल गाडी उमटली. पहिला मान पुंडलिकचा. जुन्या खेळात त्याच्या पुढं गेलेला ड्रायव्हर अजून जन्मला नव्हता. त्यानं बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही. त्यानं बटण जोरात दाबलं. थोड्या वेळानं गाडी वीतभर पुढं उभी असलेली दिसली. तिथं ती कशी गेली ते कुणी बघितलं नाही.

देवी खोटं बोलली नव्हती. खेळ चालत होता. कसा चालेल, हे विचारायचं राहून गेलं होतं.

पुंडलिक उठला. "अर्जुनभाऊ, गाडी बंद पडलीया. ढकलायला माणसं बोलवा."

सगळे हसले. कमल हसली नाही. नव्या सुनेला द्यायच्या खोलीकडं बघावं तसं तिनं प्लगकडं बघितलं. अर्जुन मशीन गरम व्हावं लागतं वगैरे काहीबाही सांगू लागला.

तेवढ्यात कोपऱ्यातला लखूअण्णा उठला. भरलेला ट्रक अनमोडच्या घाटातून उतरवण्यात त्याचे केस पिकले होते. जुन्या खेळात मात्र त्याची गाडी पहिल्याच वळणाला दरीत जायची, आणि असं गाडी हाकणाऱ्याचं लायसन काढून घेतलं पाहिजे म्हणून त्यानं त्या खेळाचं नाव टाकलं होतं. आता त्यानं पंच्याला हात पुसले, खुर्ची पुढं ओढली.

"बंद कुठं पडलीया? पैल्या गिअरात हाय," तो म्हणाला. "माल भरलाय."

आणि गाडी निघाली. एक चित्र, मग पुढचं चित्र. लखूअण्णा वळणाच्या आधीच वळायला लागायचा, त्यामुळं वळण येईपर्यंत गाडी बरोबर वळलेली असायची. दरीच्या कडेला ड्रायव्हर मंडळींनी श्वास धरला, आणि तो बराच वेळ धरून ठेवावा लागला. कुणी म्हणालं, डाव्या अंगाला घे. कुणी म्हणालं, ब्रेकवर पाय नको ठेवू, तापतील. शेवटी पुंडलिकसुद्धा बाकडं ओढून बसला, आणि बसलाच आहे तर म्हणून त्यानं इडली मागवली. त्याचं बघून बाकीच्यांनीही मागवली. मग चहा. घाट अर्धाही उतरला नव्हता, तोवर दुसऱ्यांदा चहा.

कमल बश्या मांडत होती. अर्जुन तिच्यामागं जाऊन हळू आवाजात म्हणाला की एवढी एक खेप सांभाळून घे. बेळगावहून मेमरी आणून घातली की हाच खेळ वाऱ्यासारखा पळेल.

कमलनं मांडलेल्या बश्यांकडं बघितलं, बाकड्यावरच्या पाठींकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"हात तर लावून बघा त्याला," ती म्हणाली. "वायरमनला बोलवा आन् चुलीकडं दुसरा प्लग काढून घ्या. ग्रायंडर तिकडं बसंल."

अर्जुनचं मशीन वाचलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता.

पडद्यावर लखूअण्णानं गाडी डाव्या कडेला घेऊन उभी केली होती. खालून एक निळी गाडी चढत होती.

"अण्णा, थांबलास का?" पुंडलिक म्हणाला. "शर्यत हाय ही."

"आसू दे की. चढाची गाडी हाय. वाट द्याया नको?"

निळी गाडी एकेका चित्रानं जवळ आली. ती अगदी शेजारी आली, तेव्हा लखूअण्णानं बटणावरचा हात उचलून समोरच्या ड्रायव्हरला रामराम केला.

त्यानंही केला की नाही, ते पुढचं चित्र आल्यावर कळणार होतं. सगळे बसून राहिले.